डेबियन टाकलं पण नेट येईना? कार्डापासून वर चढत या

आमचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, मशीनं पाच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि पाचातली चार मशीनं विंडोज ११ च्या अटीत बसेनात, कुणाला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही तर कुणाचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा. मशीनं मात्र धडधाकट, एसएसडी टाकलेली, रोज आठ-दहा तास चालणारी. ती भंगारात घालणं मला पटेना. मग तीनवर डेबियन १३ टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टीम, चौथ्यावर टॅली आहे म्हणून तिथे जुनं विंडोजच ठेवलं पण त्याची नेटची केबल काढून टाकली, आणि पाचवं नवीन होतं ते तसंच राहिलं. डिजिटल सही, टॅली असलं काही ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी एक विंडोज मशीन हाताशी ठेवाच, त्यात कमीपणा काही नाही.

तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले बरेच जण फोन करतात, आणि बहुतेक फोन एकाच गोष्टीचे, ताई सगळं झालं, स्क्रीन छान दिसतेय, पण नेट येत नाहीये. आणि पुढचं वाक्य पण ठरलेलं, परत एकदा पहिल्यापासून टाकून बघू का?

नका टाकू. विंडोजमध्ये आपल्याला सवय लागलीये, काही बिघडलं की फॉरमॅट. इथे त्याची गरज पडत नाही कारण ही सिस्टीम कुठे अडलंय ते सांगते, फक्त विचारायचं कसं ते माहीत पाहिजे. नळाला पाणी आलं नाही तर आपण घर पाडत नाही ना, आधी टाकीत पाणी आहे का बघतो, मग कॉक, मग पाइप. नेटचं तसंच आहे. खाली नेटवर्कचं कार्ड, त्यावर ते चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, मग राउटरशी जोडणी, मग मिळालेला पत्ता, मग बाहेर जायचा रस्ता, आणि सगळ्यात वर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस. खालून वर चढत जायचं आणि जिथे पहिल्यांदा "नाही" ऐकू येईल तिथेच थांबून तेवढंच दुरुस्त करायचं.

कमांड मी इथे फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरात करायच्या, आणि जिथे स्पेस म्हटलंय तिथे खरंच स्पेस द्यायची. छोटं-मोठं अक्षर इथे वेगळं धरतात हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवून घ्या, फाइलच्या नावात पण.

आधी टाकायच्या आधीचं बोलू, कारण अर्धा त्रास इथेच वाचतो. विंडोज अजून चालू आहे तोवर तीन गोष्टींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली वायफाय आणि लॅनच्या चिपचं जे नाव लिहिलंय ते. दोन, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्पेस स्लॅश ऑल केल्यावर जी लांबलचक यादी येते ती पूर्ण, त्यात मशीनचा आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस आणि फिजिकल ॲड्रेस म्हणजे मॅक पत्ता सगळं असतं. तीन, तुमच्या ब्रॉडबँडला डायलर आहे का, म्हणजे मशीन चालू केल्यावर युजरनेम पासवर्ड टाकून कनेक्ट दाबावं लागतं का, असेल तर ते युजरनेम पासवर्ड. हे तिसरं लोक हमखास विसरतात, कारण पाच वर्षांपूर्वी केबलवाल्या पोराने एकदा टाकून दिलेलं असतं आणि विंडोजनं लक्षात ठेवलेलं असतं, पुसलं की गेलं.

मग डेबियनची लाइव्ह इमेज पेनड्राइव्हवर घ्या आणि काहीही न पुसता नुसती पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून बघा. वायफायची नावं दिसतायत का, नेट चालतंय का, आवाज येतोय का. इथे चाललं तर टाकल्यावर पण सहसा चालतं. फर्मवेअरबद्दल, म्हणजे चिप चालू होताना तिच्यात भरावा लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमबद्दल, नेटवर जुने लेख खूप फिरतात, अमुक फाइल वेगळी उतरवा, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या वगैरे. डेबियनवाल्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की चिप कंपन्यांचं बंद स्वरूपातलं फर्मवेअर पण अधिकृत इमेजमध्येच द्यायचं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आहे. त्यामुळे त्याच्या आधीचे ते लेख आता सोडून द्या. तुमचं मशीन फारच जुनं, ३२ बिटवालं असेल तर मात्र डेबियन १३ चा इन्स्टॉलर त्याच्यासाठी निघालेलाच नाही, १२ घ्यावं लागेल.

इन्स्टॉलर चालू असताना एक जागा अशी आहे की जिथे चुकलं तर पुढे प्रत्येक पावलाला अडतं. तो रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड विचारतो. ती जागा रिकामी सोडा आणि पुढे जा. रिकामी सोडली तर तुम्ही जो पहिला युजर बनवता त्याला सुडोचा, म्हणजे कमांडच्या आधी सुडो लिहून रूटचं काम करायचा, अधिकार आपोआप मिळतो. तिथे पासवर्ड दिलात तर रूट वेगळा राहतो आणि तुमच्या युजरला सुडो मिळत नाही, मग लेखात वाचलेली प्रत्येक सुडोवाली कमांड परवानगी नाही म्हणून परत पाठवते. आधीच दिला असेल तर घाबरू नका, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एसयू स्पेस डॅश असं करून रूटचा पासवर्ड द्या आणि तिथून काम करा. तो डॅश गाळू नका, नाहीतर बऱ्याच कमांड सापडतच नाहीत असं म्हणतं. आणि पासवर्ड टाइप करताना ठिपके, चांदण्या काही दिसत नाहीत, कर्सर जागचा हलत पण नाही. कीबोर्ड बंद पडलेला नसतो, तशीच पद्धत आहे, टाइप करा आणि एंटर मारा.

आता मूळ मुद्दा. पहिला प्रश्न, सिस्टीमला कार्ड दिसतंय का. टर्मिनल उघडा आणि आयपी स्पेस ए टाका. आयपीकॉन्फिगची जी सवय आहे तिच्या जागी हे. जुन्या पुस्तकातलं इफकॉन्फिग डेबियनमध्ये आता आधीपासून टाकलेलं नसतं, ते शोधत बसू नका. यादीत पहिलं एलओ असेल, १२७.०.०.१ वालं, ते मशीनचं स्वतःशी बोलायचं, त्याला सोडून द्या. त्याच्याखाली ईएनपी३एस० किंवा डब्ल्यूएलपी२एस० असली विचित्र नावं दिसतील. बघून लोक बिचकतात पण नाव सरळ आहे, ईएन म्हणजे इथरनेट, डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पी३ म्हणजे तिसऱ्या नंबरची पीसीआय बस आणि एस० म्हणजे तिथला शून्य नंबरचा स्लॉट. कार्ड कुठे बसलंय त्याचा पत्ताच आहे तो. पूर्वी ईटीएच०, डब्ल्यूलॅन० अशी नावं असायची, दोन कार्ड असली की कधी कधी रीस्टार्टनंतर अदलाबदल व्हायची, म्हणून हे बदललं. तुमच्या मशीनवरची दोन नावं वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतात.

डब्ल्यूएलवालं नावच यादीत नाही असं असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न. एलएसपीसीआय स्पेस डॅश के टाका. नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा आणि तिच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ आहे का बघा. ओळ असेल तर ड्रायव्हर आहे, बहुतेक फर्मवेअर नाही. ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. फर्मवेअरचं खात्रीने बघायचं तर सुडो स्पेस डीमेसेज, म्हणजे डी एम ई एस जी, आणि येणाऱ्या भल्या मोठ्या मजकुरात फर्मवेअर शब्द शोधा, फाइल लोड करता आली नाही अशी तक्रार तिथे स्पष्ट लिहिलेली असते, हव्या असलेल्या फाइलच्या नावासकट. यूएसबी डोंगल असेल तर एलएसपीसीआयमध्ये दिसणार नाही, त्याला एलएसयूएसबी.

आता फर्मवेअर हवं तर नेट पाहिजे आणि नेट हवं तर फर्मवेअर पाहिजे, अशा पेचात सापडलात तर मोबाइल घ्या. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने मशीनला लावा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टिदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टिदरिंग चालू करा. डेबियनला तो फोन लॅनच्या केबलसारखाच दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, दोन-चार सेकंदात नेट येतं. केबल मात्र डेटावाली पाहिजे, नुसती चार्जिंगवाली केबल लावून अर्धा तास घालवलेले लोक मी बघितलेत. मग सुडो एपीटी अपडेट (एपीटी म्हणजे डेबियनचं सॉफ्टवेअर उतरवून टाकणारं साधन), आणि त्यानंतर सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पुढे तुमच्या चिपप्रमाणे फर्मवेअरचं पॅकेज. नावं लक्षात ठेवायला सोपी आहेत, फर्मवेअर डॅश आणि पुढे इंटेलच्या चिपला आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकला रिअलटेक, अथेरॉसला अथेरॉस. मघाशी फोटो काढायला सांगितला तो याच्यासाठी. मशीन रीस्टार्ट करा.

कार्ड दिसतंय, ड्रायव्हर आहे, तरी वायफायची नावं दिसत नाहीत. इथे मला शेजारच्या गावातले एक निवृत्त गुरुजी आठवतात. दोन दिवसांत तीन वेळा त्यांनी पूर्ण डेबियन टाकलं होतं, नातीचा अभ्यास अडलाय म्हणून फार मनाला लावून घेतलं होतं. फोनवर मी त्यांना सुडो स्पेस आरएफकिल स्पेस लिस्ट टाकायला सांगितलं आणि काय येतंय ते वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी एकेक अक्षर वाचलं, सॉफ्ट ब्लॉक्ड नो, हार्ड ब्लॉक्ड येस. मी म्हटलं गुरुजी, लॅपटॉप बंद न करता त्याच्या पुढच्या कडेवरून, तुमच्या मनगटाच्या खाली येते ना ती कड, तिथून हळूहळू बोट फिरवा, काही लागतंय का. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, हो लागतंय की, नखाएवढं बटण आहे, सरकतंय. सरकवलं आणि कोपऱ्यात सगळ्या शेजाऱ्यांच्या वायफायची नावं आली. विंडोज काढायच्या गडबडीत लॅपटॉप उचलताना ते बटण सरकलं होतं. त्यांच्या आवाजातला तो आनंद मी विसरणार नाही.

तर हार्ड ब्लॉक्ड येस असेल तर ते बटण किंवा बायोसमधली सेटिंग, काही लॅपटॉपवर एफएन आणि वरच्या ओळीतली एखादी की. कमांडने ते निघत नाही. सॉफ्ट ब्लॉक्ड येस असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय, संपलं. दोन्ही नो आहे आणि काही नावं दिसतायत पण तुमचंच दिसत नाही असं असेल तर राउटरवर जाऊन बघा, नाव फक्त ५ गिगाहर्ट्झवर आहे का. जुन्या लॅपटॉपच्या बऱ्याच चिप फक्त २.४ वाल्या असतात, त्यांना ५ वालं नाव दिसणारच नाही.

ज्यांनी विंडोज आणि डेबियन दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय त्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, मग नेटवर्क कार्ड कधी कधी विचित्र अवस्थेत राहून जातं आणि विंडोजचं पार्टिशन डेबियनमधून नुसतं वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा, जोडणी सांभाळतं कोण. डेस्कटॉपवाल्या डेबियनमध्ये हे काम नेटवर्कमॅनेजर करतो, वर कोपऱ्यात जे चिन्ह दिसतं ते त्याचंच. पण त्याच्या आधीपासूनची एक जुनी पद्धत पण डेबियनमध्ये अजून आहे, स्लॅश ईटीसी स्लॅश नेटवर्क स्लॅश इंटरफेसेस नावाची फाइल. नियम असा की ज्या कार्डाचं नाव त्या फाइलमध्ये आहे त्याला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. माझ्या पहिल्या मशीनवर हेच झालं. मी आधी डेस्कटॉप न घेता कमीत कमी सिस्टीम टाकली, त्यावेळी इन्स्टॉलरने लॅनचं कार्ड त्या फाइलमध्ये लिहून ठेवलं, नेट चालत होतं, मग दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप टाकला. चिन्ह आलं, पण त्यात माझं कार्ड नाही. आयपी बदलायचा तर कुठे बदलणार, खिडकीत कार्डच नाही, आणि नेट तर चालतंय. संध्याकाळभर मी चुकीच्या जागी शोधत होते.

शोधायची कमांड एकच, एनएमसीएलआय स्पेस डिव्हाइस. एकेक कार्ड आणि त्याच्यापुढे एक शब्द. कनेक्टेड असेल तर ठीक. डिसकनेक्टेड म्हणजे कार्ड तयार आहे, तुम्ही नेटवर्क निवडलेलं नाही. अनअव्हेलेबल म्हणजे लॅनला केबल लागलेली नाही, किंवा वायफायचं फर्मवेअर नाही किंवा ते आरएफकिलने अडलंय, म्हणजे एक पायरी खाली जा. आणि अनमॅनेज्ड म्हणजे माझी ही वरची गोष्ट. मग सुडो नॅनो (नॅनो म्हणजे टर्मिनलमध्ये फाइल बदलायचं साधन) आणि त्या इंटरफेसेस फाइलचा पूर्ण पत्ता, उघडा, एलओच्या दोन ओळी तशाच ठेवा आणि तुमच्या कार्डाचं नाव असलेल्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. ओळ पुसू नका, हॅश टाकला की ती ओळ सिस्टीम वाचत नाही आणि परत हवी असली तर हॅश काढला की झालं. कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. मग मशीनच रीस्टार्ट करा, नवीन माणसाला तेच सोपं पडतं. नुसती सेवा परत चालू करायची तर सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर, ह्यात नेटवर्कचा एन आणि मॅनेजरचा एम कॅपिटल पाहिजे, मधे स्पेस नाही.

खिडक्यांमध्ये सापडत नसेल तर एनएमटीयूआय टाकून बघा, टर्मिनलमध्येच एक निळी-राखाडी पाटी उघडते, बाणाच्या की आणि टॅबने चालवायची, आयपी, गेटवे, डीएनएस सगळं एका जागी. मला तर तेच आवडतं.

जोडणी झाली, आता पत्ता. परत आयपी स्पेस ए. तुमच्या कार्डाखाली इनेट अशी ओळ आणि पुढे १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल तर राउटरने पत्ता दिला. विंडोजमध्ये पत्ता मिळाला नाही की १६९.२५४ वाला आकडा दिसायचा, ते बघून आपण ओळखायचो. इथे बहुतेक वेळा तसं दिसत नाही, इनेटची ओळच गायब असते आणि फक्त इनेट६ ची एफई८० ने सुरू होणारी एक ओळ असते. ती बघून पत्ता मिळालाय असं समजू नका, तो एफई८० वाला पत्ता मशीन स्वतःच स्वतःला घेतं. लॅनची केबल असेल आणि त्याच यादीत नो-कॅरियर लिहिलं असेल तर केबल किंवा राउटरचं पोर्ट बघा, सिस्टीममध्ये काही करू नका.

केबल थेट वरच्या बॉक्समधून मशीनमध्ये येत असेल, मधे राउटर नसेल, तर इथे डायलरची गोष्ट येते. त्याला पीपीपीओई म्हणतात, गावाकडे केबलवाल्यांच्या नेटला अजून बऱ्याच ठिकाणी हेच असतं. टर्मिनलमध्ये एनएम डॅश कनेक्शन डॅश एडिटर टाका, अधिक चिन्ह दाबा, यादीत डीएसएल किंवा पीपीपीओई निवडा, युजरनेम पासवर्ड टाका, बाकी सगळं रिकामं. जोडल्यावर काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात असं होत असेल तर त्याच खिडकीत एमटीयू १४९२ करा, कारण साध्या लॅनवर एका खेपेला १५०० बाइट जातात आणि पीपीपीओईचं स्वतःचं वेष्टन त्यातले ८ खातं. आणि काही ठिकाणी ब्रॉडबँडवाला मॅक पत्त्याला कुलूप लावतो, म्हणजे फक्त जुन्या कार्डालाच नेट. कार्ड किंवा मशीन बदललं असेल तर इथे क्लोन्ड मॅक ॲड्रेस म्हणून जागा आहे, तिथे फोटोतला जुना मॅक टाका. खरं म्हणजे त्यांना फोन करून नवीन मॅक नोंदवून घेणं जास्त चांगलं, आणि छोटा राउटर घेऊन डायलर त्यात टाकणं सगळ्यात चांगलं, मग घरातल्या प्रत्येक मशीनला हा व्याप नको.

पत्ता आहे तर आयपी स्पेस आर टाका. डिफॉल्ट व्हाया आणि पुढे राउटरचा पत्ता, बाहेर जायचा रस्ता तो. डिफॉल्टची ओळच नसेल तर गेटवे लिहिलेला नाही, हाताने आयपी टाकणारे हे विसरतात. ओळ असेल तर पिंग स्पेस आणि तो पत्ता. विंडोजमध्ये पिंग चार वेळा होऊन थांबायचं, इथे तुम्ही कंट्रोल सी मारेपर्यंत चालूच राहतं. राउटर उत्तर देतोय, मग पिंग स्पेस ८.८.८.८. हे पण चाललं तर तुम्ही नेटवर आहात, ब्राउझर काहीही म्हणो. मग पिंग डेबियन डॉट ओआरजी करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर राहिलं फक्त डीएनएस.

इथे लोक लेखात वाचून स्लॅश ईटीसी स्लॅश रिझॉल्व डॉट कॉन्फ फाइलमध्ये डीएनएस लिहितात, चालतं पण, आणि रीस्टार्ट केलं की परत बंद. फाइल उघडून पहिली ओळ वाचा, नेटवर्कमॅनेजरने बनवली असं तिथेच लिहिलंय. जोडणी झाली की तो ती फाइल नव्याने लिहितो. म्हणून डीएनएस जोडणीच्या सेटिंगमध्ये लिहा, आयपीव्ही४ च्या पानावर, आपोआप मिळणारं डीएनएस बंद करून तुमचा आकडा, मग जोडणी एकदा तोडून परत जोडा.

आता नेट चाललं, पण एपीटी म्हणतं डिस्क घाला. हे नेट नसताना टाकलेल्या मशीनवर होतं. स्लॅश ईटीसी स्लॅश एपीटी स्लॅश सोर्सेस डॉट लिस्ट उघडा, डेब सीडीरॉमने सुरू होणारी ओळ असेल तिला हॅश लावा, आणि डेब डॉट डेबियन डॉट ओआरजीवाली ओळ नसेल तर ती टाका, डेबियन १३ चं नाव ट्रिक्सी, १२ चं बुकवर्म, शेवटी मेन आणि नॉन-फ्री-फर्मवेअर. सॉफ्टवेअर इथूनच घ्यायचं, साइटवरून एक्सई उतरवून डबलक्लिक करायची सवय ठेवू नका.

आणि एपीटी म्हणालं की फाइल अजून वैध झालेली नाही, किंवा ब्राउझर प्रत्येक साइटला धोका दाखवतोय, तर नेट सोडून घड्याळ बघा. टर्मिनलमध्ये डेट. जुन्या मशीनचा बोर्डावरचा गोल सेल संपलेला असतो, तारीख मागे गेलेली असते आणि सर्टिफिकेटांचा हिशोब चुकतो. सेल बदला, कायमचा उपाय तोच. दोन सिस्टीम शेजारी असतील तर विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल, कारण डेबियन मशीनच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. सुडो टाइमडेटसीटीएल स्पेस सेट डॅश लोकल डॅश आरटीसी स्पेस १ केलं की दोघांचं जुळतं.

वायफाय चालतंय पण मधेच मंदावतं, काही सेकंद अडकतं, असं असेल तर वीज वाचवायची सेटिंग बघा. स्लॅश ईटीसी स्लॅश नेटवर्कमॅनेजर (इथेही एन आणि एम कॅपिटल) स्लॅश कॉन्फ डॉट डी मध्ये एक नवी फाइल, शेवटी डॉट कॉन्फ असलेली, वरच्या ओळीत चौकोनी कंसात कनेक्शन आणि खालच्या ओळीत वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर २. दोन म्हणजे बंद.

प्रिंटर दुकानात सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून शेवटी तो. गेल्या काही वर्षांतला वायफाय किंवा लॅनवाला प्रिंटर बहुतेक आपोआप दिसतो, ड्रायव्हरची सीडी लागत नाही, पण प्रिंटर आणि मशीन एकाच राउटरवर पाहिजेत, एक गेस्ट वायफायवर आणि एक मुख्यवर असं असेल तर दिसणार नाही. दिसला नाही तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ६३१ उघडा, ते प्रिंटिंगचं कंट्रोल पान आहे, तिथून प्रिंटरचा आयपी देऊन जोडा. आणि राउटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅकला एक पत्ता कायमचा बांधून द्या, नाहीतर लाइट गेली आली की राउटर त्याला दुसरा पत्ता देतो आणि सकाळी गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना प्रिंट जात नाही.

मराठी टायपिंगचं विचारतात म्हणून सांगते, सेटिंगमध्ये कीबोर्डखाली मराठी इनस्क्रिप्ट टाकून घ्या, फोनेटिक हवं असेल तर आयबस डॅश एम१७एन पॅकेज. इनस्क्रिप्टमध्ये "ऱ्या" असं येतं, शिफ्ट जे, डी, स्लॅशची की, ई. जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोड नसलेल्या फाइली मात्र इथे उघडून नीट दिसणार नाहीत, त्या विंडोज काढायच्या आधीच युनिकोड करून घ्या.

आमच्या दुकानात प्रत्येक मशीनच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवलीये, दोन्ही कार्डांची नावं, मॅक, मशीनचा आयपी, राउटरचा आयपी, प्रिंटरचा आयपी, आणि त्या मशीनवर मी कुठल्या फाइलमध्ये काय बदललं ते तारखेसकट. एका वेळी एकच बदल करायचा, लिहायचा, बघायचा, मग दुसरा. मी दुकानात नसले तरी आमच्याकडे कामाला असलेली मुलगी आता चिठ्ठी बघून आयपी स्पेस ए पासून सुरू करते आणि मला फोनवर सांगते, ताई राउटरपर्यंत पिंग जातंय, पुढे नाही. मग मी सरळ केबलवाल्याला फोन लावते.